मोहोपाड्याची भरती-ओहोटी

समुद्राला नातेवाईक निवडायची मुभा असती, तर त्याने पहिली हाक आमच्या दाजींना मारली असती असं माझं ठाम मत आहे. आणि दाजी वेळेवर पोचले नसते, कारण ते राहतात मोहोपाड्याला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मोहोपाड्याहून डोंगर दिसतात, कारखान्यांची धुराडी दिसतात, स्टाफ कॉलनीच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. समुद्र दिसायचा तर पेणवरून दोन-अडीच तास गाडीत बसावं लागतं. बरं, माणूस जातीचा दर्यावर्दी म्हणावा तर तेही नाही. दाजींना पोहता येत नाही. होडीत बसवलं की ते डोळे मिटून काठ धरतात. कोळंबी खाल्ली की त्यांच्या अंगावर गांधी उठतात. लाटा, सूर्यास्त, वाळूतली घोडागाडी असल्या गोष्टींचं त्यांना काडीइतकंही कौतुक नाही. त्यांचा समुद्र घोट्याच्या वर जातच नाही. ओहोटीला पाणी मागे सरकलं की किनाऱ्यावरच्या काळ्या कातळाच्या खळग्यांत जे थोडं पाणी अडकून राहतं, तेवढंच दाजींचं राज्य. एखादा खळगा परातीएवढा, एखादा घंगाळाएवढा, एखादा नुसता वाटीएवढा. ज्या जिवांना समुद्राबरोबर मागे जाता आलं नाही, किंवा जायचंच नव्हतं, ते सगळे पुढच्या भरतीपर्यंत तेवढ्याशा पाण्यात दम धरून बसलेले असतात. लोक त्याला डबकं म्हणतात. दाजीही डबकंच म्हणतात, पण बापाने लाडक्या लेकीला येडी म्हणावं तशा आवाजात.

हे खूळ त्यांना निवृत्तीच्या दिवसांत लागलं. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी बाटल्या भरल्या, हलवल्या, उजेडात धरल्या आणि वहीत आकडे लिहिले. घरात पाहुण्याने पाणी मागितलं तरी ते पेला आधी खिडकीकडे धरून बघत आणि मगच देत. निवृत्त झाल्यावर खात्यातल्या मंडळींनी त्यांच्यासाठी अलिबागकडे सहल काढली. तिथे सगळे पाण्यात डुंबत असताना दाजी एका खळग्यापाशी वाकले, आणि वाकले ते वाकलेच राहिले. हार, शाल, भाषणं सगळं उत्सवमूर्तीवाचून पार पडलं. परतताना कुणाला वाटलं ते पुढच्या गाडीत असतील, पुढच्यांना वाटलं मागच्या. दाजी दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने घरी आले, मानेची मागची बाजू उन्हाने सोलवटलेली आणि हातात पाच लिटरचा कॅन. कॅनमध्ये एक दगड होता आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण आहे तो प्राणी. पाकळ्या हलवतो, बोट लावलं की मिटतो. चाळीस वर्षांच्या संसारात दाजींनी ताईसाठी बाहेरून काही भेट आणल्याची ही एकमेव नोंद आहे. ताईने ते पितळी पातेल्यात ठेवलं. त्याला भाताची शितं घातली, चपातीचा तुकडा घातला. पाणी कमी झालं तसं दाजींनी विहिरीचं घालून वर मीठ टाकलं. तिसऱ्या दिवशी घरात असा वास सुटला की शेजारीण गॅस बघायला आली. ताईने ते सगळं कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. जन्मभर पाण्याची परीक्षा केलेल्या माणसाच्या हातून पाण्यातला जीव गेला होता. दाजी दोन दिवस जेवले नाहीत. ताई म्हणाली, मी काय आता समुद्रावर यायची नाय, आणि ती खरंच गेली नाही.

दाजी मात्र जायला लागले. पहिल्या खेपेला ते दगड परत ठेवायला गेले. नुसता दगड, फुलाशिवाय. तिथे कातळावर एक म्हातारी कोयत्याने कालवं फोडत बसली होती. पश्चात्तापाने तापलेल्या माणसाला उपदेशाची खाज फार असते; दाजींनी तिला जीवदयेवर अर्धा तास सुनावलं. म्हातारीने हातातलं काम थांबवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आमी पोटापुरती काढतो, तुमी हौसेला नेता. आमच्यानं सरली नाय आजवर." मग तिने दाजींना शेजारचा खळगा दाखवला. मागच्या रविवारी तिथे सहलीची गाडी आली होती. खळग्यात एक खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी तरंगत होती, तळाला चपलेचा पट्टा होता, आणि दुसरं काही नव्हतं. गाडी कुठली होती, दाजींनी विचारलं. म्हातारी म्हणाली, तुमच्याच अंगाची, खोपोलीकडची.

हा घाव दाजींच्या वर्मी बसला. त्या दिवसापासून त्यांचा सिद्धान्त ठरला की समुद्र समुद्रावर बिघडत नाही, तो कर्जत-खालापुरात बिघडतो. जिथे गाडी भरते तिथे. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याला त्यांनी शास्त्राचा आधारच शोधून काढला. त्यांची एकच इच्छा होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत. मरायच्या आत आपल्या तालुक्यातली एक गाडी, फक्त एक, समुद्रावर जाऊन रिकाम्या हाताने परत आलेली बघायची आहे. लोकांच्या इच्छा काशीला जायच्या असतात, नातवाचं लग्न बघायच्या असतात. मी म्हटलं, दाजी, एवढी साधी इच्छा तर सहज पुरी होईल. ते म्हणाले, "मास्तर, तुमी सहलीच्या पिशव्या बघितल्या नाय कदी."

मी कर्जतला शाळेत मास्तर आहे, त्यामुळे पिशव्या मी बऱ्याच बघितल्या होत्या, पण उघडून नव्हे. दाजी उघडून बघत. थंडीच्या दिवसांत दर रविवारी संध्याकाळी ते स्कूटरच्या पायाशी निळा टप ठेवून खोपोलीच्या शिळफाट्याला जात. अलिबागहून आपल्याकडे परतणाऱ्या गाड्या तिथे चहाला थांबतात. टपात किनाऱ्यावरून आणलेलं खारं पाणी असे. दाजी गाडीच्या दाराशी उभे राहून अतिशय अदबीने विचारत, "पिशवीत काय जिवंत हाय का?" पहिल्या रविवारी एका बाईने विचारलं, बोंबील कसे दिले. एका हवालदाराने रस्त्यावर मासे विकायला बंदी आहे असं बजावलं. एका ड्रायव्हरने मोठ्या मनाने त्यांच्या टपात चूळ भरली. पण दाजींचा चेहरा असा सोशिक आहे की हळूहळू लोक पिशव्या उघडायला लागले, आणि काय काय निघायचं! शंखात बसलेले खेकडे, पाण्याच्या बाटलीत कोंबलेला तारामासा, डब्यात पोळीभाजीच्या जागी समुद्रकाकडी. दाजी कुणाला रागावत नसत. जे मिळेल ते टपात घेऊन घरी येत आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने नेऊन परत सोडत. जगतील का, मी विचारलं. काही जगतात, ते म्हणत, आणि टप झाकत. एका सोमवारी ताईने मोरीजवळच्या कळशीतलं पाणी घेऊन भाताचं आधण ठेवलं. तो भात आम्ही तिघांनी ताक ओतून ओतून खाल्ला, आणि दाजी मध्येच म्हणाले की चव बरोबर आहे, म्हणजे पाणी अजून टिकलंय.

कालवंवाल्या म्हातारीने त्यांना दुसरीही एक विद्या दिली. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. त्यात सहा मिळवले की ओहोटी. चतुर्थी असेल तर तीनला भरती आणि नऊला ओहोटी. घड्याळ, मोबाईल काही नको. दाजींनी हे गणित समुद्रापुरतं ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांनी मोहोपाड्यातला सगळा दिवस त्यावर बेतला. भरतीच्या वेळी ते झोपत, ओहोटीला उठत. फोन केला की हॅलोऐवजी, पाणी उतरतंय, लवकर बोला, असं ऐकू येई. माझ्या घरभरणीला वाढप सुरू झालेलं असताना हा माणूस पानावरून उठून अंगणात जाऊन उभा राहिला. मी घाबरून मागे गेलो. ते डोंगराकडे तोंड करून शांतपणे म्हणाले की आत्ता तिकडे पाणी पूर्ण उतरलेलं असणार, डबकी उघडी पडली असतील, कोण जाणे कोण फिरतंय त्यांच्यातून. मग हात धुऊन परत जेवायला बसले.

यातून एकदा मोठंच प्रकरण उभं राहिलं. आमच्या घराण्यात छप्पन सालापासून कुणी तिथी, वार, मुहूर्त बघितलेला नाही. दाजींच्या वडिलांनी तर दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातलं पंचांग चुलीत घातलं होतं आणि ही गोष्ट मोहोपाड्यात अजून अभिमानाने सांगतात. त्याच घरात आता भिंतीवर कॅलेंडर लागलं आणि त्यात दर पौर्णिमेभोवती आणि अमावस्येभोवती लाल पेन्सिलीचा गोल. शिवाय दाजी अमावस्येच्या दुपारी झाकलेला टप घेऊन निघतात आणि दुसऱ्या दिवशी चिखलाच्या पायांनी परत येतात. एवढ्यावरून लोकांनी काय ते ओळखलं. विहाराच्या समितीने त्यांना बोलावून घेतलं. घरातला शिकलेला माणूस म्हणून मलाही. अध्यक्ष म्हणजे गावातले सर्वांत वडील गृहस्थ, सावकाश बोलणारे. ते म्हणाले की पौर्णिमा आपण पाळतो, तेव्हा पौर्णिमेच्या गोलाबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण अमावस्येचा खुलासा व्हावा. दाजींनी खुलासा केला. पाऊण तास केला. चंद्र, पाणी, कातळ, कालवं, कुठलाच मुद्दा सोडला नाही. शेवटी म्हणाले, "आपन रोज सकाळी म्हनतो, न दिलेलं घेनार नाय. मग सहलीतनं आनलेला शंख तुमाला कुनी दिला होता का?" अध्यक्ष स्वतःच्या काठीकडे बघत म्हणाले की लहानपणापासून हे शील आपण म्हणतोय, पण ते शिंपल्यापर्यंत पोचतं हे कधी ध्यानात आलं नव्हतं. अमावस्या मंजूर झाली. दाजींना मात्र विजयाचा आनंद झाला नाही. त्यांना वाटलं होतं लोक विचारतील, मग आपण काय करायचं. कुणी विचारलं नाही, चहा आला.

माझ्या शाळेतही ते आले होते. त्यांनी पटांगणात फक्कीने एक मोठा गोल आखला, त्यात वीस मुलं बसवली आणि प्रत्येकाला एकेक जीव वाटून दिला. मग आमच्या मुख्याध्यापकांना सांगितलं, सर, तुम्ही सहलीला आलाय, मोबाईलवर फोटो काढत या गोलातून पलीकडे जा. तुमचा पाय ज्याला लागेल तो मेला. मुख्याध्यापक अंगाने भारदस्त आहेत. ते एकदाच गेले आणि अकरा मुलं मेली. परत येताना सहा मेली. मुलांना मरायला फारच आवडलं, त्यामुळे काही जण आपण होऊन पायाखाली गेले आणि दाजींच्या प्रयोगाचा निष्कर्ष जरा गढूळ झाला. पण तेव्हापासून मुख्याध्यापक पटांगणातून जाताना खाली बघून चालतात हे मी स्वतः पाहिलं आहे.

ताई या सगळ्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणे. ती बोलत नसे असं नाही, भरपूर बोले. टप घासायचा तिनेच, स्कूटरच्या गादीवरचं मीठ पुसायचं तिनेच, अमावस्येचा डबा बांधायचा तिनेच. फक्त समुद्राचं नाव निघालं की ती उठून आत जाई. दाजीही तिला चल म्हणत नसत. दोघांच्या मध्ये ते पितळी पातेलं कायम राहिलं होतं, असं मला वाटे.

आणि गेल्या दिवाळीनंतर दाजी पडले. कातळावरून येताना त्यांनी पाय उचलला, पाय ठेवायच्या जागी समुद्रफुलं दिसली, म्हणून त्यांनी पाय हवेतच वळवला आणि शेवाळावर टाकला. खुबा मोडला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी कसे पडलात विचारलं, तर म्हणाले, खाली जागा नव्हती. डॉक्टरांना वाटलं भूल अजून उतरलेली नाही. हाड बसलं, पण पुन्हा कातळावर पाय ठेवायचा नाही असं त्यांना स्वच्छ सांगितलं. दाजींनी हुज्जत घातली नाही, त्याचीच मला भीती वाटली. ते खाटेवर पडून कॅलेंडरकडे बघत राहत. सहलींचे दिवस तोंडावर आले होते, शिळफाट्याला कुणी उभं राहणार नव्हतं. एक दिवस ते मला म्हणाले की ती रिकाम्या हाताची गाडी काही आता बघायला मिळत नाही. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला उठून बाहेर जावं लागलं.

त्याच सुमारास विहाराच्या महिला मंडळाची सहल ठरली. अलिबाग, एक दिवस, एक गाडी, बेचाळीस माणसं. बायका दाजींकडे विचारायला आल्या की बघण्यासारखं काय आहे. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दाजींनी आपल्या कातळाचा पत्ता कधी कुणाला दिला नव्हता. मलाही नाही. गाव अलिबागच्या पुढे आहे एवढंच मला माहीत होतं, आणि आता पूर्ण माहीत झालं तरी मी इथे लिहिणार नाही, कारण मला बहिणीचं घर तोडायचं नाही. त्या दिवशी दाजींनी आधी मनात पाय मोजले. बेचाळीस म्हणजे चौऱ्याऐंशी पाय. मग त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला आणि रस्ता सांगितला. चतुर्थीला जा, नऊला पाणी उतरेल. चपला वाळूत काढा. आधी बघायचं, मग पाय ठेवायचा, कोरड्या दगडावरच ठेवायचा. हात पाठीमागे बांधायचे. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. सूचना एकवीस झाल्या, बाविसावी सांगताना त्यांना ठसका लागला. बायका निघून गेल्यावर दाराशी उभी असलेली ताई म्हणाली, मी पन जाते. दाजी तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, एवढ्या बायकांवर ध्यान कोन ठेवनार, हा? मी बरोबर जाणार होतोच, पण मला ती मोजतच नव्हती.

नऊ वाजता आम्ही त्या कातळावर होतो. बेचाळीस माणसं हात पाठीमागे बांधून, एकामागे एक, खाली माना घालून चाललेली. लांबून कुणी पाहिलं असतं तर एखादी कैद्यांची टोळी वाटली असती. पहिल्या पाच मिनिटांत मला काहीच दिसलं नाही. दगड, पाणी, शेवाळ. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी खुबा मोडला? मग एका खळग्यापाशी उकिडवा बसलो. एक खडा चालायला लागला. दुसरा खडा मागे सरला. तळाशी जे कापडाचं चिंधूक वाटत होतं ते उघडलं आणि त्याच्या कडा हलायला लागल्या. बोटाएवढा पारदर्शक मासा माझ्या नाकासमोर येऊन थांबला. किती वेळ गेला कळलं नाही. मला दाजींचा मनापासून हेवा वाटला आणि लाजही वाटली. इतकी वर्षं मी या माणसाची चेष्टा केली आणि एकदाही बरोबर आलो नाही. ताई जरा पुढे एका घंगाळाएवढ्या डबक्याशी एकटीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

अकराच्या पुढे सगळे वाडीत जेवायला गेले. कालवंवाली म्हातारी आता राहिलेली नाही, तिच्या सुनेनेच तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण केलं होतं. पंगत बसली आणि ताईची पिशवी हलली. ताई पानावरून उठली, पिशवी उघडली, आत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. एक शंख होता, सुपारीएवढा, तांबूस. रिकामा समजून तिने उचलला होता. आता त्यातून चार बारीक पाय बाहेर आले होते आणि पिशवीच्या कापडाला धरून वर चढू बघत होते. कुणीतरी म्हणालं, द्या इथूनच फेकून पाण्यात, जाईल तो. ताईने ऐकलं नाही. ती निघाली, मी मागे. पाणी चढायला लागलं होतं. अर्धा कातळ बुडाला होता आणि सगळे खळगे आता सारखेच दिसत होते. त्या सकाळपर्यंत समुद्र न पाहिलेली माझी बहीण, गुडघ्याएवढ्या पाण्यात, एका हातात नऊवारीचा ओचा आणि दुसऱ्या हातात तो शंख धरून, आपलं डबकं शोधत होती. मी म्हटलं, ताई, ठेव कुठंही. ती म्हणाली, कुठंही कसं, त्याचं घर हिकडं हाय. तिला ते सापडलं. मग ओली साडी वाळेपर्यंत सगळी गाडी थांबली, आणि बेचाळीस माणसांतलं कुणीही तिला एका शब्दाने बोललं नाही.

शिळफाट्याला आम्ही तासभर उशिरा पोचलो. दाजी तिथे होते. चालता येत नसताना शेजाऱ्याच्या टेंपोतून येऊन, चहाच्या टपरीपुढे खुर्ची टाकून, वॉकर समोर धरून बसले होते. गाडी थांबली तसे ते उभे राहिले. बायका एकेक करून उतरल्या आणि न सांगता आपापली पिशवी त्यांच्यापुढे उघडी धरत गेल्या. डबे, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, एकीच्या पिशवीत पांढरे कांदे. दाजी प्रत्येक पिशवीत वाकून बघत होते. शेवटी ताई उतरली. तिने पिशवी उघडली नाही. "मी घेतला होता एक," ती म्हणाली. "तुमाला दाखवायला. आत कुनी राहत असंल असं वाटलं नाय."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"मग?" दाजींनी विचारलं.

"नेऊन ठेवला. जिथनं उचलला तिथंच."

"बसला का नीट?"

"बसला. आधी आत गेला, मग पाय काढले भाईर. मग चालला."

दाजींनी मान हलवली आणि ते हायवेकडे तोंड करून उभे राहिले. ट्रक जात होते, ते ट्रक बघत होते. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं. बायका मुकाट्याने चहाकडे वळल्या, आणि मीही.

आता ताईच जाते. मंडळातल्या तीन-चार जणींना घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी, कॅलेंडर बघून. दाजी काठीवर आले आहेत, पण कातळ त्यांचा संपला. मागच्या महिन्यात मी दोघांना घेऊन गेलो. वाळूपर्यंत ते आले. सुरूच्या सावलीत मी त्यांना खुर्ची दिली आणि ताई हात पाठीमागे बांधून कातळावर उतरली. एकेका डबक्याशी ती थांबायची, वाकायची आणि काय दिसतंय ते आमच्याकडे ओरडून सांगायची. दाजी काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे झुकून बसले होते. वारा उलटा होता, तिचं निम्मंही बोलणं आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी विचारलं, दाजी, ऐकू येतंय का काही?

"नाय," ते म्हणाले. "पन ती बघते ना."